बोटाचा सांधा बदलावा, फ्यूज करावा की आहे तसाच ठेवावा?

काळी चार | १० नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार. मी सांगलीची, वय ६१. शाळेत संगीत शिकवत होते, आता घरी मुलांना पेटी शिकवते आणि आमच्या भजनी मंडळात साथीला बसते. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींचे मधले सांधे गेल्या पाच-सहा वर्षांत सुजत, गाठाळत, थोडे वाकडे होत गेलेत. आमवाताच्या तपासण्या झाल्या, रक्तात काही निघालं नाही. झिजेचाच संधिवात आहे, पण हाड कुरतडणाऱ्या प्रकारचा, असं एक्स-रे पाहून सांगितलं. माझ्या आईचे हात असेच होते.

दुखणं कसं आहे ते लिहिते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. सकाळी पाच-दहा मिनिटं बोटं वळत नाहीत, मग सैल होतात. कणीक मळताना कळ येते. किल्ली फिरवताना, दुधाची पिशवी फाडताना, ब्लाउजचं हुक लावताना तर्जनी बाजूला कलते आणि डोळ्यांत पाणी येतं. रात्री चुकून बोटावर कूस आली की जाग येते. पेटीवर अर्धा तास बरा जातो, मग तर्जनी पट्टीवर टेकवावीशी वाटत नाही. हल्ली मी तर्जनीचे सूर अंगठ्याने घेते आणि मुलांना मात्र ‘बोटं नीट ठेवा’ सांगते, हे मला फार लागतं.

जेल चोळून झालं. गोळ्यांनी ॲसिडिटी आणि बीपी वाढलं म्हणून त्या बंद. सांध्यात दोन इंजेक्शनं घेतली. पहिल्याने चार महिने सुख दिलं, दुसऱ्याने जेमतेम तीन आठवडे.

दोन सर्जनना दाखवलं. पुण्यातले म्हणाले, दोन्ही सांधे काढून सिलिकॉनचे बसवू. कोल्हापूरचे म्हणाले, तर्जनीचा सांधा फ्यूज करा, म्हणजे कायमचा जाम. मधल्या बोटाचा हवा तर बदलू, पण घाई नाही. दोघांनीही वेळ देऊन समजावलं. घरी आल्यावर माझा गोंधळ दुप्पट झाला. जाम केलेल्या बोटाने मी पेटी कशी वाजवणार? आणि बदललेला सांधा किती दिवस टिकेल? कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

डोंबिवलीचा | १० नोव्हेंबर, रात्री १०.१५

ताई, माझ्या आईचे दोन्ही गुडघे बदलले, आता ती गड चढायची तेवढी बाकी आहे. विचार नका करू, दोन्ही बोटं बदलून घ्या. ‘जाम’ हा शब्दच मला पटत नाही. आजच्या काळात कुणी सांधा जाम करतं का?

निवृत्त अस्थिवैद्य | ११ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

डोंबिवलीकर, तुमच्या आईंचं ऐकून आनंद झाला. पण गुडघ्याचा अनुभव बोटाला लावू नका, ही दोन वेगळी गावं आहेत. मी ३४ वर्षं हाडांचीच कामं केली. हात हा माझा मुख्य विषय नव्हता, तरी हातांचे रुग्ण भरपूर पाहिले.

गुडघ्यात धातू आणि प्लास्टिकचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकतात आणि पायाची ताकद परत येते. बोटात जो सिलिकॉनचा तुकडा बसवतात तो खऱ्या अर्थाने सांधा नाहीच. ती एक लवचिक बिजागरी आहे. झिजलेली टोकं कापून जी पोकळी होते ती हा तुकडा भरून ठेवतो. त्याचे दोन दांडे दोन्ही हाडांच्या पोकळीत सैलसर बसतात. भोवती शरीर स्वतःचं जाड वेष्टण तयार करतं आणि सांध्याला आधार मिळतो तो मुख्यतः त्या वेष्टणाचा. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये डॉ. आल्फ्रेड स्वानसन यांनी १९६०च्या दशकात हे काढलं आणि थोड्याफार फरकाने आजही तेच सर्वांत जास्त वापरलं जातं.

याने दुखणं जातं, बहुतेकांचं चांगलंच जातं. पण वाकणं वाढेल ही अपेक्षा धरू नका. निरोगी मधला सांधा सुमारे १०० अंश वळतो. बदलल्यावर साधारण ४० ते ६० अंश मिळाले तर आम्ही समाधानी असतो. म्हणजे आज जेवढं वळतंय जवळपास तेवढंच, पण कळेशिवाय. पकडीची ताकदही फारशी वाढत नाही.

आता तर्जनीबद्दल. आपण चिमूट धरतो, किल्ली फिरवतो, सुईत दोरा ओवतो, तेव्हा अंगठा तर्जनीला बाजूने रेटतो. सिलिकॉन वाकण्यासाठी बनलंय, बाजूचा रेटा त्याला सोसत नाही. तर्जनी आधीच कलत असेल तर त्या बाजूचे बंध सैल झालेले असतात. बदललेला सांधा पुन्हा तिकडेच कलू शकतो. म्हणून बरेच हँड सर्जन तर्जनीला फ्यूजन सुचवतात. करंगळी-अनामिकेचं उलट आहे. मूठ घट्ट वळते ती त्या दोन बोटांवर, तिथे वाकणं मोलाचं, म्हणून तिथे सांधा बदलणं जास्त शोभतं. मधलं बोट नावाप्रमाणेच मधे. नखाजवळच्या सांध्यात मात्र असं दुमत फारसं नाही. तिथे दुखणं असह्य झालं तर फ्यूजनच, कारण तो जाम झाला तरी हाताचं काम फारसं अडत नाही.

म्हणजे तुमचे दोन्ही सर्जन चुकीचं बोलत नाहीत. पुण्याचे वाकणं जपतायत, कोल्हापूरचे बळकटपणा. तुम्हाला कुठल्या बोटात काय जास्त हवं, ते तुम्हीच ठरवायचं आहे.

मेथीची जुडी | ११ नोव्हेंबर, दुपारी २.३०

काळी चार ताई, मी नाशिकची, आमवाताची जुनी रुग्ण. माझी गोष्ट तुमच्याहून वेगळी आहे, पण सिलिकॉन हातात घेऊन जगण्याचा अनुभव आहे म्हणून लिहिते.

माझे बोटांच्या मुळाशी असलेले चार सांधे, मूठ वळल्यावर जी टेंगळं दिसतात ना तेच, २०११ मध्ये उजव्या हाताचे बदलले. तेव्हा सगळी बोटं करंगळीकडे झुकली होती. पाण्याचा पेला धरायला गेले की बोटं उघडायचीच नाहीत. ऑपरेशननंतर सहा आठवडे हातावर तारा आणि रबरांचा सांगाडा असलेली स्प्लिंट, म्हणजे सांध्याला आधार देणारी पट्टी होती, बोटं वर ओढून धरणारी. लहान मुलं बघून घाबरायची. त्या सहा आठवड्यांत मुलीने मला भरवलंय, वेणी घातलीय.

मिळालं काय? हात उघडतो. पेला धरता येतो. चेक सही करून देते. नमस्कार करताना तळवे जुळतात, हे मला कुठल्याही औषधाने मिळालं नव्हतं. ताकद म्हणाल तर कुकरचं झाकण अजूनही नवराच लावतो.

टिकण्याबद्दल खरं सांगते. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या कारणासाठी एक्स-रे काढला तेव्हा मधल्या बोटाचा सिलिकॉनचा तुकडा मोडलेला दिसला. माझे तर हातपायच गळाले. सर्जन म्हणाले, दुखतंय का? नाही. काम चालतंय का? हो. मग राहू द्या. भोवतीच्या वेष्टणाने सांधा धरून ठेवलाय. अजून तसाच आहे.

दोन गोष्टी आमवातवाल्यांसाठी, कारण ते हा धागा वाचणारच. एक, भूल द्यायच्या आधी मानेचा एक्स-रे काढतात. आमच्या आजारात मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात, त्याला नाही म्हणू नका. दुसरं, मेथोट्रेक्सेट, म्हणजे आमवाताची गोळी, बंद करायचं की चालू ठेवायचं हे संधिवाताच्या डॉक्टरांनाच विचारा, मनाने काही करू नका. आणि ती गोळी आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. माझ्या ओळखीत अशी चूक झालेली आहे.

वारणाकाठ | ११ नोव्हेंबर, रात्री ८.५०

ऑपरेशनशिवायही मार्ग आहे, तोही विचारात घ्या. माझ्या आईचं वय ७४. तिच्या आठ बोटांना गाठी आहेत. पन्नाशी-साठीत रात्र-रात्र रडायची. तिने काहीच केलं नाही आणि सत्तरीनंतर दुखणं आपोआप कमी झालं. बोटं वेडीवाकडी झाली, ताठली, पण कळ गेली. डॉक्टरही म्हणाले की या गाठींच्या प्रकारात असं बऱ्याचदा होतं, सूज असते तोवरची वर्षं सगळ्यात वाईट.

आम्ही घरात बदल केले. लाटण्याच्या मुठींना कापड गुंडाळून जाड केलं, चाकू-झाऱ्यालाही तेच. जाड वस्तू धरायला बोट कमी वळवावं लागतं, त्याने सांध्यावरचा ताण खरंच उतरतो. पिळायचे कपडे नळाला अडकवून पीळ द्यायचा. नारळ खवणं माझ्याकडे. सकाळी कोमट पाण्यात मीठ घालून हात बुडवून ठेवते, फिजिओकडे मेणाचा शेक घेते.

एक मात्र कळकळीने सांगतो. तिने मधे एका गावातून बिनलेबलची ‘वाताची पुडी’ आणली होती. आठवड्यात बोटं मोकळी! आम्ही सगळे खूश. तीन महिन्यांत चेहरा गोल सुजला, साखर ३०० च्या वर गेली. डॉक्टरांनी लक्षणं पाहून ओळखलं की त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असणार. ती पुडी एकदम बंदही करता आली नाही, हळूहळू सोडवावी लागली. अशा झटपट गुणावर भुलू नका.

लेस्टरची लेक | १२ नोव्हेंबर, पहाटे ३.१०

इकडे इंग्लंडमध्ये रात्र आहे, झोप येत नव्हती, धागा दिसला. माझं माहेर मिरजेचं, म्हणून जास्तच जवळचं वाटलं.

माझ्या उजव्या अनामिकेचा मधला सांधा २०१६ मध्ये बदलला. सिलिकॉनचा नाही, पायरोकार्बनचा. काळा, चकचकीत, हृदयाच्या कृत्रिम झडपांना वापरतात तोच पदार्थ. मला सांगितलं होतं की हा जास्त टिकाऊ, खऱ्या सांध्याच्या आकाराचा. पहिलं वर्ष छान गेलं. मग बोट वळवताना आवाज यायला लागला, गंजलेल्या बिजागरीसारखा. दुखत नव्हतं, पण ऑफिसात शेजारची मान वळवून बघायची. तिसऱ्या वर्षी एक दांडा हाडातून सरकला आणि दुखणं परत आलं. शेवटी तो काढून सांधा फ्यूज केला. सांधा बसवताना हाड कापलेलं असतं, त्यामुळे फ्यूज करायला मधे भर घालावी लागते. माझ्या मनगटाजवळचं हाड काढून तिथे भरलं. दोन जखमा, दुप्पट वेळ.

मी सांधा बदलण्याच्या विरोधात नाही. माझ्याबरोबर थेरपीला येणाऱ्या एक बाई सिलिकॉनवर खूप समाधानी आहेत. पण हे आधी कळायला हवं होतं असं एक सांगते: बदललेला सांधा बिघडला तर पुढची पायरी बहुतेक वेळा फ्यूजन, आणि ते पहिल्यांदा केलेल्या फ्यूजनपेक्षा अवघड. उलट फ्यूजन नीट जुळलं की तो विषय संपतो. ते परत उलगडता येत नाही, हेही तितकंच खरं.

फ्यूज झालेल्या बोटाची आज मला आठवणही येत नाही. थंडीत मात्र ते बोट ठणकतं आणि हातमोजा घालताना अडकतं.

ठाणे वेस्ट | १२ नोव्हेंबर, सकाळी ११.२०

जरा विषयांतर. माझ्या आईचं दुखणं अंगठ्याच्या मुळाशी आहे, मनगटाजवळ. तिथेही हेच पर्याय का? आणि मेडिक्लेममध्ये बसतं का?

निवृत्त अस्थिवैद्य | १२ नोव्हेंबर, दुपारी १.००

ठाणेकर, अंगठ्याच्या मुळाशी ट्रॅपेझियम नावाचं लहानसं हाड असतं. तिथे सर्वांत रुळलेली शस्त्रक्रिया म्हणजे ते हाडच काढून टाकणं. काही सर्जन त्या पोकळीत रुग्णाचाच एखादा स्नायुबंध वळकटी करून ठेवतात, काही नाही ठेवत. दुखण्यात फार फरक पडतो असं दिसलेलं नाही. चिमटीची ताकद यायला सहा महिने ते वर्ष धरा. पण त्याआधी अंगठ्याची स्प्लिंट काही आठवडे नियमाने वापरून बघा, बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं.

मेडिक्लेमचं: सांधे बदलण्याच्या शस्त्रक्रियेला बहुतेक पॉलिसींत प्रतीक्षा कालावधी असतो. २०२४ पासून तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा ठेवता येतो. पॉलिसीची कागदपत्रं काढून तो परिच्छेद वाचा, आणि इम्प्लांटची किंमत अंदाजपत्रकात वेगळी लिहून मागा. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

हातचं काम | १२ नोव्हेंबर, रात्री १०.०५

मी पुण्यात हँड थेरपिस्ट आहे. काळी चार, तुमचा प्रश्न वाचला तेव्हापासून डोक्यात आहे. ‘जाम केलेल्या बोटाने पेटी कशी वाजवणार?’ याचं उत्तर आमच्यापैकी कुणी देऊ शकत नाही. तुमचा हात देईल, आणि तो ऑपरेशनच्या आधीच देईल.

थर्मोप्लास्टिकची, म्हणजे गरम केल्यावर मऊ होऊन हवा तो आकार घेणाऱ्या प्लास्टिकची छोटी स्प्लिंट बनवून घ्या, फक्त तर्जनीच्या मधल्या सांध्यावर बसणारी, तो सुमारे ३५-४० अंशांत धरून ठेवणारी. मुळाचा आणि नखाजवळचा सांधा मोकळा. हे खोटं फ्यूजन. ती घालून दोन आठवडे सगळं करा: पेटी, कणीक, आंघोळ, दार, फोन. मग तीच स्प्लिंट मधल्या बोटाला करून आठवडाभर. रोज रात्री दोन ओळी लिहून ठेवा, काय जमलं आणि काय अडलं. फ्यूजन सुचवलेल्या प्रत्येकाला मी हे करायला लावते. काही जण तिसऱ्या दिवशी स्प्लिंट काढून टाकतात आणि म्हणतात, नको हे. त्यांचं एक न उलटणारं ऑपरेशन टळलं. काहींना ती काढावीशीच वाटत नाही.

दुसरं, नंतरच्या कामाबद्दल. सिलिकॉन बसवलंत तर बोट ताठू नये म्हणून पहिल्या आठवड्यापासून दिवसातून अनेकदा थोडं-थोडं वळवायचं, बाकी वेळ आणि रात्री स्प्लिंट, सूज उतरवायला हात उंच. सूज तीन-चार महिने रेंगाळते, अंतिम निकाल सहा महिने ते वर्षाने दिसतो. सर्जन एका तासात काम संपवतो, पुढचं काम तुमचं. सांगलीहून पुण्याला दर आठवड्याला येणं जमणार नसेल तर हाही विचार निर्णयात धरा. फ्यूजनला थेरपी कमी लागते, पण हाड जुळेपर्यंत सहा ते आठ आठवडे जपावं लागतं, कधी त्याहूनही जास्त.

आणि एक विचारते, राग मानू नका. मिशरी लावता का? आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच बायका ‘तंबाखू खाता का’ म्हटलं की नाही म्हणतात, कारण मिशरीला त्या तंबाखू समजत नाहीत. निकोटिनने हाड जुळायला वेळ लागतो, कधी जुळतच नाही. फ्यूजन ठरलं तर ती आधीच सुटायला हवी.

काळी चार | १३ नोव्हेंबर, सकाळी ६.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री दोनदा वाचलं. मिशरी नाही, पण आमच्या मंडळातल्या तिघींना हे वाचून दाखवणार आहे. स्प्लिंटची कल्पना फार आवडली. मिरजेत एक थेरपिस्ट आहेत असं कळलं, उद्या फोन करते.

मेथीची जुडी, तळवे जुळण्याचं तुम्ही लिहिलंत ते वाचून गलबलून आलं.

डोंबिवलीचा | १३ नोव्हेंबर, सकाळी ९.००

डॉक्टरसाहेब, माझं मत घाईचं होतं. शिकायला मिळालं. ताई, काय होतं ते नक्की लिहा.

काळी चार | ८ डिसेंबर, रात्री ९.१५

तीन आठवड्यांची वही समोर ठेवून लिहितेय.

तर्जनीची स्प्लिंट, पहिला दिवस: पेटीवर बसले तेव्हा भीतीच वाटली. सा-रे-ग-म सरळ वाजवून पाहिलं. मग बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत बसले. इतकी वर्षं मुलांना ‘बोटं गोल ठेवा, चेंडू धरल्यासारखी’ सांगत आले, पण ती गोलाई म्हणजे मधला सांधा अर्धवट वाकून स्थिर राहणं, हे कधी लक्षातच आलं नव्हतं. पट्टी दाबली जाते ती बोटाच्या मुळापासून. मधला सांधा फारसा हलतच नाही! स्प्लिंट घालून अलंकार, पलटे, भजनाची चाल, सगळं वाजलं. द्रुत लयीत काळ्या पट्टीवरून पांढरीवर यायला बोट जरा उशीर करतं, एवढंच. आणि दुखलं नाही. एक तास वाजवलं. गेल्या दोन वर्षांत मी सलग एक तास पेटीवर बसलेले नाही.

दिवस चौथा: किल्ली फिरली, हुक लागलं. बोट बाजूला कलत नाही म्हणून जोर येतो. अडलं काय? पिठाच्या अरुंद डब्यात हात जात नाही, तर्जनी काठाला आपटते. पोह्यांचा घास घेताना बोट वेगळं उभं राहतं. देवाच्या दिव्याची वात वळायला मधलं बोट आणि अंगठा वापरायला शिकले. नाक पुसतानासुद्धा बोट मधे येतं. दहाव्या दिवसापर्यंत यातलं निम्मं सवयीचं झालं.

मधल्या बोटाची स्प्लिंट: दुसऱ्याच दिवशी कंटाळले. झाडू धरता येईना, बादलीची कडी हातात बसेना, भाकरी थापताना बोट परातीला टोचायचं. मूठच अपुरी पडते. पाचव्या दिवशी काढून ठेवली. पण त्या पाच दिवसांच्या विश्रांतीने सूज मात्र उतरली, हे थेरपिस्टबाईंनीही मोजून दाखवलं.

परवा दत्तजयंतीला नरसोबाच्या वाडीला सेवेला जाऊन आलो. तर्जनीला स्प्लिंट घालूनच साथ केली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

हातचं काम | ८ डिसेंबर, रात्री १०.४०

इतकी नेटकी नोंद माझ्या रुग्णांपैकी क्वचितच कुणी ठेवते. ही वही सर्जनकडे घेऊन जा. शक्य असेल तर पेटीही न्या. खरंच म्हणतेय. तर्जनीचा कोन पुस्तकात असतो त्याहून पाच-दहा अंश इकडेतिकडे ठेवता येतो, आणि तुमच्या बाबतीत तो पट्टीवर बोट ठेवूनच ठरवायला हवा.

लेस्टरची लेक | ९ डिसेंबर, पहाटे २.२०

मला कुणी असं करून बघायला सांगितलं असतं तर! अनामिका जाम असण्याची मला किती भीती वाटायची, आणि प्रत्यक्षात काहीच नव्हतं. तुमच्या मधल्या बोटाचं मात्र पटलं. ते ठेवा हलतं, जोवर चालतंय तोवर.

निवृत्त अस्थिवैद्य | ९ डिसेंबर, सकाळी ७.४०

मधल्या बोटाला आता काहीच करू नये, या मताचा मी झालो आहे. रात्री स्प्लिंट, जड कामाच्या दिवशी स्प्लिंट, आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघा. तर्जनी भक्कम झाली की मधल्या बोटावर पडणारा जादा भारही थोडा उतरेल, आज ते दोघांचं काम एकटं करतंय. इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंत? ज्या सांध्याचं ऑपरेशन करायचं त्यात इंजेक्शन घेऊन साधारण तीन महिने तरी झालेले असावेत, जंतुसंसर्गाचा धोका कमी राहतो. साखर तपासून घ्या. आणि सर्जनना सरळ विचारा, गेल्या वर्षभरात तुम्ही अशी किती बोटं केलीत? चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही.

काळी चार | २३ डिसेंबर, रात्री ८.२०

इंजेक्शन जुलैत घेतलं होतं. साखर ठीक आहे.

कोल्हापूरला पेटी घेऊन गेले. मुलाने गाडीतून उचलून ओपीडीत आणली. सर्जननी दार लावून घेतलं, मी स्टुलावर बसून पलटे वाजवले आणि त्यांनी बोटाला कोनमापक लावून तीनदा मोजलं. पट्टीवर बोट आपसूक ३० अंशांत बसतं. त्यांची नेहमीची पद्धत ४० ची. मग मी पेन धरलं, किल्ली धरली, चिमटीत मीठ घेतलं. शेवटी ३५ वर दोघांचं एकमत झालं. त्यांनी तो आकडा केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहून खाली रेघ मारली. किती बोटं केलीत हेही विचारलं. त्यांनी आकडा सांगितला आणि न जुळलेल्या दोघांबद्दलही सांगितलं. मला त्यानेच धीर आला.

पुण्याच्या सर्जननाही फोन करून वहीतलं वाचून दाखवलं. ते म्हणाले, हे ऐकल्यावर मीही तर्जनीला फ्यूजनच सुचवेन.

तारीख संक्रांतीनंतरची घेतली आहे. तिळगुळाचे लाडू स्वतः वळून जाणार.

मेथीची जुडी | २३ डिसेंबर, रात्री ९.००

शुभेच्छा ताई. हात वर ठेवायला जुन्या साडीची झोळी शिवून ठेवा, दवाखान्यातली मानेला कापते. समोरून उघडणारे, सैल बाह्यांचे दोन-तीन गाऊन काढून ठेवा. आणि कुणाकडून भरवून घ्यायची वेळ आली तर संकोच करू नका.

काळी चार | २ एप्रिल, सायंकाळी ६.१०

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. ऑपरेशन १८ जानेवारीला झालं. फक्त हात बधिर केला होता, मी जागी होते, भूलतज्ज्ञ बाईंशी भजनांबद्दल बोलत होते. आत दोन बारीक तारा आणि त्यांना आठच्या आकड्यासारखी आवळलेली तिसरी तार आहे. पहिले चार दिवस ठणका जबरदस्त, गोळ्यांनीही पूर्ण जात नव्हता. टाके चौदाव्या दिवशी निघाले.

सहाव्या आठवड्यातल्या एक्स-रेत हाड पुरतं जुळलेलं दिसलं नाही, तेव्हा फार खचले. आणखी तीन आठवडे स्प्लिंट वाढली. नवव्या आठवड्यात जुळलं. त्या तीन आठवड्यांत मी मुलांना डाव्या हाताने वाजवून दाखवायचे आणि भाता एखादं पोर मारायचं.

आज अकरावा आठवडा. बोटावर उभा व्रण आहे, सूज अजून आहे, अंगठी चढत नाही. एका तारेचं टोक कातडीखाली हाताला लागतं. त्रास झाला तर पुढे काढू म्हणालेत. नखाजवळचा सांधा ताठलाय, त्याचे व्यायाम चालू आहेत. मधलं बोट अधूनमधून सुजतं, रात्री स्प्लिंट घालते. पिठाचा डबा बदलला, आता रुंद तोंडाचा आणलाय.

काल एकादशीला सव्वा तास बसले. तर्जनीचे सूर तर्जनीनेच घेतले.

ठाणे वेस्ट | २ एप्रिल, रात्री ७.३०

ताई, वाचून फार बरं वाटलं. आईच्या अंगठ्याला स्प्लिंट करून दिली, सध्या तरी ऑपरेशनचा विषय मागे पडलाय. ती पोळ्या लाटताना स्प्लिंट काढून ठेवते, त्यावर काही उपाय आहे का?

हातचं काम | २ एप्रिल, रात्री ९.५०

आहे. लाटताना वापरायला मऊ निओप्रीनची वेगळी पट्टी मिळते, ती धुता येते. कडक स्प्लिंट बाकी वेळेला. आणि लाटणं मुठीत आवळण्याऐवजी उघड्या तळव्याखाली फिरवायला सांगा, अंगठा मोकळा राहतो. काळी चार, तारेचं टोक लाल झालं किंवा तिथून पाणी आलं तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.